उभ्या उभ्या गेलेलं गिऱ्हाईक

वहिनीने चकल्या-लाडवांचा धंदा काढला आणि मी तिला वेबसाइट करून दिली. तिने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. ते मी अजून पुसतच होतो. इतक्यात साइटवरच्या भेटी मोजणारा आकडा हलला.

"कुणीतरी आलं!" म्हणत वहिनीने पदर सावरला. पण ऑर्डर काही आली नाही.

"गेलं? असं उभ्या उभ्या?"

तिचा उतरलेला चेहरा पाहून वाटलं, काय हे दुकान! माणूस येऊन जातं आणि चपलांचासुद्धा आवाज होत नाही. शेवटी पहिल्याच पानावर तिने लिहायला लावलं : 'या, बसा. घेतलंच पाहिजे असं नाही.'

आज ऑफिसात सहज साइट उघडून बंद केली. लगेच वहिनीचा फोन.

"भाऊजी, आत्ता तुम्हीच ना? काही न घेता गेलं, म्हणजे घरचंच माणूस!"