ऑरलीना मावशीची काडी

आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, ऑरलीना थॅकरच्या डाव्या हाताची तीन बोटं तिच्या सख्ख्या भावाने कुऱ्हाडीच्या तुंब्याने चेचली. पेट्रोल पंपावरचा क्लाइड हे सांगताना आपली तीन बोटं आत दुमडतो, इकडेतिकडे बघतो आणि पाद्र्याच्या खर्जात म्हणतो, "डल्सिमर वाजवायची ना! घे म्हणाला, वाजव आता!" मग स्वतःच खूश होऊन खिडकीवर थाप मारतो. मला क्लाइड हुबेहूब जमतो. थापेसकट.

पण कुऱ्हाड नव्हतीच. पिकअपचं दार होतं.

त्यांच्या आईला मूठमाती दिली त्या दिवशीची गोष्ट. आमच्या मंडळीत देवापुढे वाद्य चालत नाही. गळा देवाने दिला, वाद्य माणसाने ठोकून केलं, म्हणून चर्चमध्ये नाही की दफनालाही नाही. पुढारी ओळ भरभर म्हणतो, मग सगळे तीच ओळ ओढत, वळवत, लांबवत गातात. ऑरलीना मावशीने त्या दिवशी कोटाखालून डल्सिमर, ते लांबट तारांचं वाद्य, काढली, खड्ड्याच्या काठावर बसून मांडीवर आडवी घेतली आणि आईचं आवडतं भजन वाजवलं. भाऊ हॉबर्टला तेव्हा लवकरच पाद्र्याची दीक्षा मिळणार होती. त्याने तिला दंडाला धरून गाडीपाशी नेलं, आत बसवलं आणि मागे न बघता दार लोटलं. तिचा हात अजून चौकटीवर होता.

"रागाने लोटलं की घाईत?" मी एकदा विचारलं.

"मला काय माहीत? तो बोलला कुठे," मावशी म्हणाली. "दवाखान्यापर्यंत गाडी चालवली. एक अक्षर नाही. पेट्रोल मात्र मध्ये थांबून भरलं."

दोघं एकत्र होते ते शेवटचं. मंडळीने यादीतून तिचं नाव कमी केलं. परत यायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची, मग सगळे गळ्यात पडतात, रडतात, झालं गेलं संपतं. मावशी उभी राहिली नाही. ब्रदर हॉबर्ट आता मंडळीचा प्रमुख आहे, टक्कल पडलंय, आणि दर रविवारी तिच्या घरावरून जातो.

बोटं मिटली ती उघडत नाहीत म्हणून ती जुन्या पद्धतीने वाजवते. देवदाराची करंगळीएवढी काडी अंगठा आणि तळव्यात धरायची आणि तारेवरून, खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे ओलांडत, फिरवायची. उजव्या हातात तारा छेडायला टर्कीचं पीस. मी शिकायला गेले तेव्हा माझी बोटं धडधाकट होती, त्याचा मला माज होता. मी एक चाल वाजवून दाखवली.

"बेडूक आहे का आत?" मावशी म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्या हातात. टुणकन इथे, टुणकन तिथे. मधे सगळीकडे चिखल. बोट उचलतेस कशाला?"

"पुढच्या पडद्यावर न्यायला!"

"अगं टवळे, तू उचललंस की सूर मेला. मेल्यावर पुढचा जन्मतो. हे गाणं आहे की स्मशान? काडी घे. ती तीन बोटं मिट. माझ्यासारखी."

महिनाभर तिने मला काडी उचलू दिली नाही. जाताना हलकी, पोचल्यावर दाब, आणि दाबायचं ते पडद्याच्या जरा अलीकडे. पीस फिरायच्या आत काडी जागेवर हवी. काडी करकरली तर कानामागे घासायची, तेवढं तेल पुरतं. माझी करकरायचीच. "कान धुतेस वाटतं," ती म्हणायची, म्हणजे तोही दोषच.

शेवटी एका दुपारी मी वैतागून काडी टेबलावर टाकली आणि ब्रदर हॉबर्ट काढला. तो माझा हुकमाचा एक्का. हनुवटी आत, पोट पुढे, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला धाप: "बंधूंनो-हा! भगिनींनो-हा! ज्याला हात दिले-हा, त्याने ते जोडावेत-हा!" मग त्याची ओळ म्हणायची पद्धत, आणि ओळीमागची ती लांब ओढ, मधे पाणी दगडाला वळसा घालून जावं तसा तो आवाज वळतो, त्या वळणासकट.

मला वाटलं, मावशी हसेल. तिने पीस उचललं. म्हणाली, "परत."

मी परत म्हटलं. तिची काडी माझ्या आवाजाच्या मागोमाग निघाली. जोड दिसला नाही. वळणावर माझ्याबरोबर वळली.

"तिथे श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली. "हॉबर्ट घेत नाही. आई घ्यायची नाही. त्याने ते वळण आईकडून उचललंय. त्याला ते ठाऊक नसेल."

त्यानंतर तेच. मी हॉबर्ट व्हायचे, ती वाजवायची, मग ती वाजवायची आणि मी काडी धरून मागे. मावशी कधी कधी डोळे मिटायची. एकदा शेंगा सोलताना मला न विचारता म्हणाली, "माफी नको मला त्याची. त्याने एकदा या पायरीवर बसून एक ओळ म्हणावी, मी तिच्यामागे वाजवीन, मग गेला तरी चालेल." आणि लगेच, "तू शिरा नीट काढ, दातात अडकतात."

मेलेल्यांच्या आठवणीची सभा दर ऑगस्टात असते. मावशीच्या घरामागच्या टेकडीवर दफनभूमी, तिथे लाकडी बाकं मांडतात, दिवसभर गाणं, प्रवचन, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. त्या सकाळी मावशीने मला स्वयंपाकघरातलं टेबल मागच्या ओसरीवर ओढायला लावलं.

"मांडीवर ठेवली की आवाज मांडीतच मरतो," ती म्हणाली. "लाकडावर ठेवली की लाकूडही गातं. वर पोचेल."

"मावशी! हॉबर्ट ऐकेल!"

"बहिरा नाहीये तो."

"ऐकलं की येईल. पैज!" मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. "आला तर काडी माझी."

"आणि नाही आला तर?"

"तू सांग."

ती काडी कानामागे घासत राहिली. "तर त्याचा आवाज या घरात परत काढायचा नाही."

मी हसून हात पुढे केला. तिने तिचा वाकडा पंजा त्यात दिला.

मी वर जाऊन मागच्या बाकावर बसले. ब्रदर हॉबर्टने आईचं भजन घेतलं. पहिली ओळ म्हटली, सगळ्यांनी ओढली. शेवटी लोकांचे श्वास संपले आणि एक बारीक सूर उरला. खालून. काडीला श्वास लागत नाही. तो वळला, सावकाश खाली आला, मिटला. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "कोण गं ती? काय दम आहे!" कुणीतरी तिला कोपर मारलं.

हॉबर्टच्या मानेवर लाली चढली. मला वाटलं, आता ओरडणार. त्याने दुसरी ओळ म्हटली. लोकांनी ओढली, थांबले. आणि तो थांबला. खालचा सूर पुरता मिटेपर्यंत त्याने तिसरी ओळ तोंडातून काढली नाही. प्रत्येक ओळीला तसंच, भजन संपेपर्यंत. मी बाकाखाली पाय आपटत होते. काडी माझी झाली होती!

जेवणात तो नेहमीसारखा जेवला. कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, दोनदा. मग टोपी घातली. मी टेकडी उतरून धावत ओसरीवर आले.

"थांबत होता, मावशी! तुझ्यासाठी! प्रत्येक ओळीला!"

"ऐकलं मी."

हॉबर्टची पिकअप उताराने खाली आली. ऑगस्टची दुपार, गाडीत पंखासुद्धा नाही, आणि काच वर चढवलेली. आमच्या फाटकाशी वेग कमी झाला. तिथे रस्त्यात मोठा खड्डा आहे, सगळ्यांचाच होतो. खड्डा ओलांडून गाडी गेली.

जरा वेळाने त्याची बायको पायी आली. चांदीच्या कागदाखाली वाळल्या सफरचंदांच्या केकचा तुकडा होता. तो तिने पायरीवर ठेवला, "खूप केलाय, उरला," म्हणाली आणि गेली. मावशीने तो तिथेच उभ्याने खाल्ला.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली. "टेबल आत घे."

पुढच्या आठवड्यात मी गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझी काडी करकरली नाही. ओळीच्या टोकापर्यंत सूर तुटला नाही, वळणावर वळला. मला इतका आनंद झाला की सवयीने माझी हनुवटी आत गेली, पोट पुढे आलं, आणि पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं.

मावशीने पीस खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंड मिटलं. मग ती ओळ आम्ही दोघींनी नुसतीच वाजवली, कुणी न म्हटलेली.