फटींचा बाक

नेरहून लग्न होऊन मी उमरखेडला आले, तेव्हा साठ साल नुकतंच मागं पडलं होतं. सासर सुतारांचं. अंगणभर सागवानाचा भुसा, दिवसभर रंध्याचा आवाज, आणि घरात एक कडक रीत: वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. यांना पाणी हवं असलं की हे भिंतीकडे बघून म्हणत, "पाणी भेटन का कोणाले?" कोणाले म्हणजे मला. असा संताप यायचा! रात्री पुरुष ओसरीत, बायका आत. एकांत मिळे तोही चोरून, त्यात बोलणार कधी?

वर्षभर सोसलं. मग एकदा विहिरीवर गाठून यांना सांगून टाकलं, "मले भिंतीसंगं संसार नाही करता येत. मी चालली नेरले."

त्याच आठवड्यात यांनी एक बाक केला. मधोमध उभी पाठ आणि दोन्ही अंगांना बसायला जागा. एका अंगाला रस्त्याकडे तोंड करून हे करवतीला धार लावणार, दुसऱ्या अंगाला अंगणाकडे तोंड करून मी तूर निवडणार. पाठीच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्या होत्या.

"ह्या फटी कायले?" मामंजींनी विचारलं.

"हवा लागाले," हे म्हणाले.

नवऱ्याकडे पाठ करून बसलेल्या सुनेला कोण काय म्हणणार? आणि त्या फटींतून आम्ही काय काय बोललो! ढाणकीच्या बाजारात कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या दाराची चौकट तिरकी बसली, मला माहेरची आठवण कधी येते, एवढ्या धिप्पाड माणसाला अंधाराची भीती कशी वाटते. तोंड दिसत नसलं की माणूस फार खरं बोलतो.

एका संध्याकाळी हे काहीतरी बोलले आणि मी फसकन हसले. सासूबाई तुळशीपाशी होत्या. त्या तरातरा आल्या, फटीला डोळा लावला, तर पलीकडे त्यांचा मुलगाही हसत होता. झालं! आता हा बाक चुलीत जाणार आणि मी पुन्हा भिंतीची बायको होणार.

"करवत घे," त्या मुलाला म्हणाल्या. "असाच अजून एक बनव. आमच्यासाठी. अन् फटी जरा मोठ्या ठेवजो, त्याईले कमी ऐकू येते."

बाक झाला, पण मामंजी कितीतरी दिवस तिकडं फिरकले नाहीत. लाजत असावेत. शेवटी एकदाचे बसले. पलीकडे सासूबाई वाती वळत होत्या. मी आत भाकरी थापत होते, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो.

"काव, माहेरी तुह्यं नाव काय होतं?"

सासूबाईंचं लहानपणीच लग्न झालेलं, तेव्हाच नाव बदललेलं. जुन्या नावानं त्या घरात त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती. दारातून दिसलं, सासूबाईंचा वात वळणारा हात थांबला. त्यांनी हळूच सांगितलं.

"काय म्हनलं?" मामंजी ओरडले.

मग सासूबाईंनी फटीला तोंड लावलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपलं नाव सांगितलं.