गंगामाई चुलीवर

तांबट आळीत दिवसभर हातोड्यांची ठोकाठोक चालायची, तरी त्यातून एक हसणं वेगळं ऐकू यायचं. समोरच्या काकू हसल्या की वाटायचं, रिकामा हंडा दगडी पायऱ्यांवरून घरंगळत गेला. त्यांना हसवणं हाच माझा धंदा होता म्हणा ना. सातवीच्या पुढं शाळा झेपली नाही, पण एकदा आवाज ऐकला की दुसऱ्या दिवशी तो माझ्या घशात हजर. मास्तर, पोस्टमन, काकूंचा बोका, कुणीही सांगा.

सगळ्यांत हमखास चालायचा तो दवंडीवाला. काटकुळा म्हातारा, गळ्यात डफडं, आणि वाक्याच्या बरोब्बर मधोमध खोकला. "ऐका होऽऽ, उद्या देवी..." खॉक् खॉक् खॉक्... "टोचणार होऽऽ!" तो आळीच्या तोंडाशी असतानाच मी काकूंच्या ओट्यावर पुढची दवंडी खोकून मोकळा व्हायचो.

त्या श्रावणात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणताना आळीनं सामान माळ्यावर चढवलं. तिसऱ्या दिवशी पाणी काकूंच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. काकूंनी तिथंच हळदकुंकू वाहिलं, खण-नारळानं ओटी भरली. "माहेरवाशीण दाराशी आलीय रे," म्हणाल्या. दोन दिवसांनी माहेरवाशीण गेली. मागं गुडघाभर गाळ, एक मेलेली शेळी आणि मागच्या विहिरीत चहाच्या रंगाचं पाणी.

दुपारी म्हातारा आला. गाळातून पाय उपसत ओरडत होता, "पाणी उकळून..." खॉक् खॉक्... "प्या होऽऽ! भिजलेलं धान्य खाऊ नका होऽऽ! विहिरीत लाल औषध पडेस्तोवर..." पुढचं खोकल्यात बुडालं.

काकू शहाण्या बाई. त्यांनी विहिरीचं पाणी आधीच निवळून, गाळून चुलीवर ठेवलं होतं. बुडाशी बारीक बुडबुडे धरायला लागले होते. ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तरी मी ओट्यावर उभा राहिलो, सूप गळ्यात अडकवलं आणि सुरू झालो.

"ऐका होऽऽ! परवा जिची ओटी भरली ती गंगामाई..." खॉक् खॉक् खॉक्... "आज चुलीवर ठेवा होऽऽ! उकळी फुटेस्तोवर हलवा होऽऽ!"

हे बोलणं म्हाताऱ्याचं नव्हतं. माझं होतं.

हंडा घरंगळला. काकू पदर तोंडावर धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं. मग हसता हसताच थांबून त्यांनी चुलीकडं बघितलं. "खरंच की रे मेल्या. पाप लागेल." त्यांनी उकळी यायच्या आतच पातेलं उतरवलं, थोडं निवू दिलं आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. वर मलाही विचारलं, "घेतोस का?"

मी नको म्हणालो. आमच्या घरी आईनं उकळून ठेवलेलं होतं. मी तेच पीत होतो.

दोन दिवसांनी पहाटे काकूंना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर आले, नुसतं बघून म्हणाले, "पटकी." दुपारपर्यंत त्यांचा आवाजच गेला. बोटांची कातडी सुरकुतली, डोळे आत गेले. मी उशाशी बसून उकळलेलं पाणी चमच्यानं घालत होतो. आत गेलं की बाहेर. काका, म्हणजे त्यांचे यजमान, दाराशी हातोडी मांडीवर घेऊन बसलेले.

काकूंनी मला खूण केली. कान जवळ नेला.

"ते खोकणं... कर ना."

मी केलं. बापरे, काय वाईट केलं! त्यांचे ओठ हलले, आवाज काही आला नाही. दिवे लागायच्या आत त्या गेल्या.

त्यानंतर मी नकला सोडल्या. नकलांनी मला सोडलं नाही. जेवताना, आंघोळ करताना घसा आपोआप म्हणायचा, "गंगामाई..." आणि मी ताट सोडून उठायचो.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढलं, उतरलं. म्हातारा आमच्या दारात उभा राहिला. त्यानं डफडं माझ्या हातात दिलं.

"माझा घसा गेला बाबा. तू म्हण. तुझं लोक ऐकतात."

माझ्या त्या दवंडीचं त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही. आळीतून निघालो आणि माझ्या साध्या आवाजात ओरडलो, "पाणी उकळून प्या! गंगामाईलासुद्धा उकळून प्या, तिला राग येत नाही!"

माणसं दारात आली. कुणी आधीच हसत होतं, कुणी पोराला पुढं ढकलत होतं. सगळे खोकल्याची वाट बघत होते. मी न खोकता पुढं जात राहिलो.

काकांच्या ओट्याशी पाय थांबले. आत चूल पेटलेली, तिच्यावर तेच पातेलं. काकांनी हातोडी खाली ठेवली.

"खोकायचं राहिलं तुझं," म्हणाले.

"काका, नको."

"खोक. तिला ऐकू जाऊ दे."

मी खोकलो. आत पाण्याला उकळी फुटली होती. पितळी झाकण खडखडायला लागलं, रिकामा हंडा घरंगळल्यासारखं, थांबेचना. काकांनी जाळ कमी केला नाही. आम्ही दोघं ऐकत राहिलो.