माझा पटका असेंब्लीत गेला

आता टीव्हीवर सभागृह दिसतं. एखादा पुढारी गळ्यात कांद्याची माळ घालून उभा राह्यला की नातवंडं हसतात. मला हसू येत न्हाई. टीव्ही नव्हता तवाच हे सोंग मी जवळून पाह्यलंय.

हैदराबाद राज्य होतं तवाची गोष्ट. आमच्या नदीवर पूल नव्हता. पूर आला की जालन्याचा दवाखाना तुटायचा. माझी भावजय बाळंतपणात अडली अन् बैलगाडीतच, नदीच्या अल्याड गेली. मंग गावानं मला पुलासाठी हैदराबादला आमदाराकडं धाडलं. शाळा मी दोनच बुकं शिकलो, पण बोलायला कोणाच्या बापाला भ्यालो न्हाई.

आमदार वकील. कोट-पाटलोणीत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, भावजयीचं दोनदा विचारलं. वाटलं, माणूस बराबर आहे. मंग माझ्या डोक्याकडं बघून म्हणाले, "भाऊ, तुमचा पटका द्या जरा. आज अखबारवाले येणारेत."

"अन् मी बोडका बसू? घरातलं सुतक कवाच फिटलं."

"पुलासाठी एवढं करा की राव!"

पुलासाठी म्हणल्यावर दिला. त्यांना बांधता येईना, मीच बांधला. त्यांनी बंगल्यातल्या माळ्याचं धोतर नेसलं, कुंडीतली माती हाताला चोळली.

असेंब्लीत वर गॅलरीत उघड्या डोक्यानं बसलो. खाली आमदार उठले, मंत्र्याकडं बोट करून गरजले, "माझी सख्खी भावजय नदीकाठी मेली!" अन् माझ्या पटक्याचं टोक डोळ्याला लावलं. बाकं वाजली. आईबापाला एकुलता एक माणूस, भावजय कुठून आणली? पूल हा शब्द निघतो का म्हणून कान देऊन बसलो. आमदार खाली बसले. न्हाई निघाला.

बाहेर पायऱ्यांवर फोटो झाला. फोटोवाला गेला तसा तोच मंत्री आला, आमदाराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "क्या रुलाया, वकीलसाब!" दोघं खदाखदा हसले.

मी म्हणलं, "साहेब, पुलाचं राह्यलं."

"पुढच्या बैठकीला बघू. पटका ठेवून जा, शोभतो मला."

मंत्र्यासमोरच त्यांच्या डोक्यावरनं पटका उचलला, तिथंच बांधला अन् चालू पडलो.

गाव पारावर वाट बघत होतं. माझा भाऊ सगळ्यांत पुढं. "देतो म्हणले का पूल?"

मी म्हणलं, "तुझ्या बायकोसाठी लई रडले तिथं."

भाऊ म्हणला, "तिला वळखत होते का ते?"