लेट येणाऱ्यांची रांग

गावंडे सर गेले, आणि त्यांच्या शोकसभेत शाळेने दोन रांगा लावल्या.

मुली डावीकडे. मुलं उजवीकडे.

गावंडे सरांसाठी! डोकंच फिरलं माझं. म्हणून हे लिहून राहिले.

सर चांदूर बाजारला आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की रस्त्यावरची गाय थांबून मागे बघायची.

माझं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. घंटा अंगणात ऐकू यायची. तरी नववीत मी रोज लेट.

मुद्दाम.

कारण प्रार्थनेला दोन रांगा असायच्या. शाळेच्या कागदावर मी मुलगा होते, म्हणून मुलांच्या रांगेत. मागचा चिमटे काढायचा. पुढचा वळून तो एक शब्द बोलायचा. राष्ट्रगीत चालू असतानासुद्धा.

लेट येणाऱ्यांना मात्र गेटजवळ थांबवायचे. पोरं-पोरी सगळे एकत्र. मग मैदानातले कागद उचलायची शिक्षा.

अख्ख्या शाळेत मला उभं राहता येईल अशी तेवढी एकच रांग होती.

खूप कागद उचलले मी. दहावीला यायचंच नाही, हेही मनात पक्कं झालं होतं.

एक दिवस सर गेटवर आले. बाकीच्यांना त्यांचं नेहमीचं, "काहून बे?" मला ते कधीच "बे" म्हणाले नाहीत.

"काहून बाप्पा? घर तं तुयं शाळेच्या भिंतीले लागून आहे. अन् रोज लेट?"

माझी नजर मुलांच्या रांगेकडे गेली.

सरांनी एकदा मुलांच्या रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी शिट्टी वाजली.

"उंचीनं उभे राहा! पोरं-पोरी नाही, उंचीनं! बुटके पुढं!"

हेडसर ऑफिसातून धावत आले. "गावंडे, हे काय नवीन काढलं?"

"साहेब, असं उभं केलं की झेंडावंदनाले फोटो मस्त येते."

फोटोचं नाव काढल्यावर हेडसर खूश. विषय संपला.

माझ्या पुढे वर्गातली वनिता आली, मागे अकरावीतला एक लंबू. तो बिचारा झोपेतच असायचा. सर रांग तपासत आले आणि माझ्याजवळ आवाज खाली करून म्हणाले, "आता तं टायमावर येशीन ना?"

"येईन सर."

आले ना मग. दहावी झाले, बारावी झाले. आज अमरावतीत एलएलबी करते. राजापेठेत रूम घेतली आहे, कुर्ता-ओढणी घालून कॉलेजला जाते.

सर रिटायर झाल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, आता कायदा आहे. ट्रान्सजेंडर मुलांशी शाळेले भेदभाव करता येत नाही. तक्रार ऐकाले शाळेनं एक अधिकारी नेमावा लागते."

सर जोरात हसले. "अरे बाप्पा! म्हंजे मी कायद्यानंच चाललो म्हन! मले तं माईतच नव्हतं. मी आपला फोटोचा बहाना केला."

मग हसू गेलं त्यांचं.

"मी रिटायर झालो अन् पुन्हा दोन रांगा झाल्या. गेटवर एक पोरगं रोज लेट उभं रायते. दुधाले जातो तवा पायतो मी. तुयासारखंच. तू जाय ना शाळेत."

मी गेले. रांगा एक करा, अधिकारी नेमा, असा अर्ज लिहून घेऊन गेले.

ते पोरगं मैदानात कागद उचलत होतं. मी हसले. ते हसलं नाही. कोण आहे, काय आहे, मी विचारलं नाही. असं कोणाला विचारायचंही नसतं. पण ती रांग मी ओळखते.

नवीन हेडसरांनी अर्ज वाचला. "अहो, कायदा बरोबर आहे. पण आपल्या शाळेत तसं कोणी नाहीच ना!"

माझ्यासमोर बसून. मी जिथे शिकले त्या शाळेत.

अर्ज काचेच्या पेपरवेटखाली गेला. "संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवू."

त्यानंतर सरांचा अधूनमधून फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही.

"झालं का?"

"नाही सर. मीटिंगच नाही झाली."

"लागून राय बाप्पा. ते पोरगं अजून लेटच येऊन रायलं."

मग सरांनाच अटॅक आला. अमरावतीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज शोकसभेत माईकवरून सूचना आली. मुली इकडे, मुलं तिकडे, माजी विद्यार्थ्यांनीही तसंच उभं राहावं. फोटोला हार घातलेला. शिट्टी गळ्यात तशीच.

मी दोन्ही रांगांत ते पोरगं शोधलं. दिसलं नाही. एका मॅडमना विचारलं.

"तो होय? दिवाळीनंतर आलाच नाही. घरच्यांनी टीसी नेली."

आणि पुढे म्हणाल्या, "तसाही रोज लेटच यायचा."

कायदा तोंडपाठ आहे माझा, काय कामाचा! रडू येत होतं आणि रागही येत होता.

"दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या," माईकवरून आवाज आला.

मी चालत गेटजवळ गेले. लेट येणाऱ्यांच्या जागेवर उभी राहिले. बाजूला कोणी नव्हतं.

सर, तुम्ही विचारायचे ना, झालं का?

नाही झालं, सर. अर्ज अजून तिथेच आहे. पोरगं गेलं.

तुमच्या लेट येणाऱ्या विद्यार्थिनीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.