साखळीचं पाकीट

टपरीवर चहा पिणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या कमरेला साखळीने अडकवलेलं मोठं चामड्याचं पाकीट दिसलं. तसलंच मी घेतलं. त्यात रेशनकार्ड न दुमडता बसतं. साखळी मी परकराच्या नाडीला अडकवते. सून म्हणाली, "आत्याबाई, आता ट्रक चालवणार का?"

बायकांनी चीजवस्तू पदराच्या गाठीत, चोळीत लपवावी, असं आम्हाला शिकवलं. तसं लपवलेलं एक रेशनकार्ड माझं गेलं आणि नव्यासाठी वर्षभर तालुक्याला खेटे घातले. आता उघड्यावर लटकवते.

काल एसटीत चढताना मागून कुणीतरी पाकीट खेचलं. साखळी ताणली, पण तुटली नाही. मी वळून ओरडले, "मुडद्या, नेतोस तर मलाही ने!"

त्याने हात सोडला. सगळी गाडी हसली. मी ऐटीत आत शिरले आणि खिडकीजवळची जागा धरली.