तिसरा क्यूब

इस्माईलभाई गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्याच मेसेजखाली कँटीनच्या नव्या वेळा होत्या. अर्ध्या तासात चाळीस जोडलेले हात येऊन गेले. प्राचार्यांनी लिहिलं, 'सचोटीचा वस्तुपाठ हरपला.' मीही लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' हे दोन शब्द फोनने स्वतःच सुचवले, मी फक्त अंगठा टेकवला. चार दिवसांनी सेमिनार हॉलमध्ये शोकसभा झाली. 'सर, तुम्ही व्यावसायिक नीतिमत्ता शिकवता, तेव्हा मूल्यांवर पाच मिनिटं तुम्हीच बोला,' असा निरोप आला, आणि मी बोललो. बरा बोललो. दोघीतिघींनी डोळे पुसले. त्या हॉलमध्ये इस्माईलभाईंना खरोखर ओळखणारा माणूस मी एकटा होतो, आणि सगळ्यात मोठा खोटारडाही मीच होतो. आज पाच आठवडे झाले. आता जरा नीट बोलतो.

इस्माईलभाई आमच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळेत सहायक होते. विश्रांतवाडीहून जुन्या स्कूटरवर यायचे आणि शिपायाच्या आधी पोचायचे. बांधकामावरच्या काँक्रीटचे वीतभर लांबीरुंदीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, आमच्याकडे तपासायला यायचे. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनमध्ये दाबून फोडायचे, किती भार पेलला ते लिहायचं. एका ओतणीचे तीन क्यूब, तिन्हींची सरासरी. ते मशीन इस्माईलभाई रोज सकाळी असं पुसायचे, जणू दुपारी त्याला बघायला पाहुणे येणार आहेत. मी पदवी घेऊन नवा नवा रुजू झालो तेव्हा घाईने एक क्यूब सव्विसाव्या दिवशीच फोडायला निघालो होतो. ते म्हणाले, "सर, सिमेंटला तुमची पदवी दिसत नाही. ते आपल्या वेळेनेच घट्ट होतं." एकदा एक कॉन्ट्रॅक्टर निकालाच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन आला. इस्माईलभाईंनी पुडा हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. "अहो, पोराच्या दहावीलासुद्धा लोक निकालापर्यंत थांबतात," असं म्हणून पुडा त्याच्या हातात ठेवला आणि टाकीतलं पाणी बदलायला गेले.

तेरा वर्षांपूर्वी कॉलेजचं नवं वसतिगृह बांधायला घेतलं. त्याचे क्यूब कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आणून द्यायचा आणि ते नेहमी उत्तम निघायचे. निघणारच. क्यूबसाठी वेगळं, निवडून, भरपूर सिमेंट घालून कालवायचं आणि स्लॅबसाठी वेगळं... ही आमच्या धंद्यातली सर्वमान्य रीत. सगळ्यांना माहीत असते, म्हणून कुणालाच माहीत नसते. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतायच्या दिवशी इस्माईलभाई स्वतः तीन साचे घेऊन वर चढले आणि चालू ओतणीतून भरून आणले. ओल्या काँक्रीटवर खिळ्याने तारीख कोरली, खाली 'दुसरा मजला', आणि शेवटी एक, दोन, तीन.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिला क्यूब हव्या त्या भाराच्या जेमतेम तीन चतुर्थांशाला फुटला. दुसरा त्याच्याही आधी. मी प्राचार्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मशीन तपासलंय का?" बस, एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. मी परत आलो आणि म्हणालो, "इस्माईलभाई, थांबवा."

"तिसरा राहिलाय सर."

"राहू दे."

"तीन असतात, सर."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'यंत्र सदोष असल्याचा संशय. चाचणी रद्द.' त्यांनी ते वाचलं. मग फडकं उचललं आणि मशीन पुसायला लागले. मशीनची देखभाल त्यांच्याकडे, त्यामुळे निष्काळजीपणाचा मेमोही त्यांनाच. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला, "यंत्राची देखभाल कोणाकडे होती?" मी म्हणालो, "इस्माईलभाईंकडे." त्या खोलीत मी खोटं असं एकही वाक्य बोललो नाही. इतक्या सफाईने नीचपणा करायला शिक्षण लागतं, अडाण्याचं ते काम नव्हे. त्यांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' अशी नोंद झाली आणि त्यांना भांडारात पाठवलं, खडू-डस्टर वाटायला. कॉन्ट्रॅक्टरने नवे क्यूब आणून दिले. अर्थातच उत्तम निघाले. पुढे मी विभागप्रमुख झालो.

नीतिमत्तेचा विषय सक्तीचा झाला तेव्हा तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यात ना संशोधन, ना मान. मग 'स्वच्छ प्रतिमेचे' म्हणून तो माझ्या गळ्यात आला. मी वर्षानुवर्षं मुलांना जबाबदारीची व्याख्या लिहून देतोय. मुलं लिहून घेतात, मी पुढचा मुद्दा सांगतो. या कारखान्यातून दरवर्षी शंभर माणसं नीतीत उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. एकदा मी व्याख्या सांगत असताना इस्माईलभाई मार्कर द्यायला वर्गात आले आणि ती संपेपर्यंत दारात उभे राहिले. तास सुटल्यावर म्हणाले, "छान होती व्याख्या. परीक्षेत येणार का?" मी हसलो. अशा वेळी मी हसतो. तीही माझी एक सवय.

मग एका मे महिन्यात, मुलं घरी गेलेली असताना, वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चार लोखंडी खांब उभे राहिले. वरचा स्लॅब खाली आला होता, बोटभर. खांबांवर चकचकीत लाकडी आवरण चढवलं आणि त्याला सुशोभीकरण म्हटलं. उद्घाटनाला नारळसुद्धा फुटला. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. तरी 'तुमचं बरोबर होतं' हे तीन शब्द भांडाराचे दोन जिने उतरून कुणी खाली नेले नाहीत. इस्माईलभाई स्वतःच एकदा येऊन खांब बघून गेले. मला म्हणाले, "देखणे आहेत. मूळ नकाशात नव्हते वाटतं?" त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मी तर नाहीच नाही. दिवाळीला न चुकता त्यांच्या घरी फराळ पाठवत राहिलो. चकल्या पाठवल्या की वर्षभर बरं वाटायचं.

गेल्या रविवारी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दार सताड उघडं होतं आणि वाऱ्याने लोटलं जाऊ नये म्हणून त्याला एक ठोकळा लावला होता. मी चपला काढायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. कडा झिजल्या होत्या, पण खिळ्याची अक्षरं स्पष्ट होती. तारीख. 'दुसरा मजला.' तीन.

भाभींना मी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "माहीत आहे. त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यांनी."

"आणि भाभी... मी फराळ पाठवायचो तेव्हा?"

"खायचो की. फराळाने काय केलं होतं?"

मग मी माझ्या पेशाला शोभेल असंच बोललो. म्हणालो, तो क्यूब मला द्या, मी उद्याच मशीनवर फोडतो, सगळ्यांसमोर, आकडा लिहून सही करतो. भाभींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ते म्हणायचे, काँक्रीट जुनं होईल तसं अजून घट्ट होतं. तेरा वर्षं झाली, सर. आता तो पास होईल."

खरं होतं. आता तो माझ्याच बाजूने साक्ष देईल. ज्या दिवशी तो खरं बोलला असता, त्या दिवशी मी त्याला बोलू दिलं नाही.

"मग मी काय करू?" पन्नाशी उलटलेला, नीतिमत्ता शिकवणारा माणूस एका विधवेला हे विचारत होता.

"सभेत तुम्ही फार छान बोललात म्हणे. चारचौघांत बोलता येतं तुम्हाला. मग हेही बोला. त्यांच्या पुस्तकात तो शब्द अजून तसाच आहे."

म्हणून हे. मशीनमध्ये दोष नव्हता. इस्माईलभाई निष्काळजी नव्हते. रजिस्टरमधली ती नोंद माझ्या हातची आणि खोटी आहे. हेच कॉलेजला सहीनिशी लिहून दिलं आहे. 'पत्र मिळाले' असं एका ओळीचं उत्तर आलंय, आणि ग्रुपमधून मला कुणीतरी काढून टाकलंय. तिथली माणसं मला ठाऊक आहेत. मी त्यांच्यातलाच. शब्द खोडायला ती वेळ लावतील, तोवर मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे.

त्या रविवारी निघताना सवयीने मी दार ओढून घ्यायला गेलो. पाय आडवा लावून ठोकळा सरकवणार, तेवढ्यात आतून भाभींचा आवाज आला.

"असू दे तो तिथेच. हवा येते."